तुरीचा शेंडा आणि पेशीची खालची बाजू

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनच्या ओळींत तुरीची ओळ धरणं सर्रास चालतं, आणि तूर दीडेक महिन्याची झाली की तिचे शेंडे खुडणंही. पूर्वी हे काम हाताने किंवा विळ्याने होई, आता बॅटरीवरचं यंत्रही शिवारात आलं आहे. शेंडा गेला की पानांच्या बगलेतले डोळे फुटतात आणि झाड पसरतं. असं का होतं, याचं सर्वांत सरळ उत्तर म्हणजे शेंडा झाडाचं अन्न ओढून घेतो, तो काढला की ते अन्न डोळ्यांना मिळतं. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे. शेंड्याचा अंमल खोडभर पोचतो तो खोडातल्या ठरावीक पेशींनी एक दिशा धरून ठेवलेली असते म्हणून. या दिशेच्या शोधाची एक शाखा तर उमरगा-नळदुर्गावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच सापडते.

चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये दाखवलं की गवताच्या कोवळ्या कोंबाचं टोक उजेड ओळखतं, पण वाकतो तो त्याखालचा भाग. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी जात असलं पाहिजे. ते ‘काहीतरी’ फ्रिट्स वेंटने 1920 च्या दशकात ओटच्या कोंबातून अगरच्या तुकड्यात उतरवलं. त्याला ऑक्झिन हे नाव मिळालं. 1933 मध्ये थीमन आणि स्कूग यांनी बाकल्याच्या रोपाचा शेंडा कापून त्या जागी हे संप्रेरक ठेवलं, तर बगलेतले डोळे दबलेलेच राहिले. ऑक्झिन खाली उतरतं ते गुरुत्वाकर्षणामुळे, अशी शंका येणं साहजिक आहे. पण खोडाचा तुकडा उलटा धरला तरी ऑक्झिन मूळच्या शेंड्याकडून मूळच्या बुडाकडेच चालतं, तासाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे ही दिशा खोडाच्या घडणीतच आहे.

ती घडणीत कुठे आहे, याचा तर्क केंब्रिजच्या रुबेरी आणि शेल्ड्रेक यांनी 1974 मध्ये मांडला, आणि पुढच्या वर्षी जॉन रेव्हनने स्वतंत्रपणे. पेशीभित्तीतला द्राव आम्लधर्मी असतो. तिथे ऑक्झिनचा काही भाग विद्युतभाररहित राहतो आणि पडद्यातून आत शिरतो. पेशीच्या आत आम्लता कमी, त्यामुळे तिथे त्याला भार येतो आणि ते अडकतं. बाहेर पडायला त्याला वाहक प्रथिन लागतं. ते प्रथिन पेशीच्या एकाच बाजूला असेल, तर वाहही एकाच बाजूला होईल. याच रुपर्ट शेल्ड्रेकने त्यानंतर त्याच सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या पटनचेरूत, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत, तुरीच्या शरीरक्रियेवर काम केलं. पुढे त्याच्या इतर कल्पनांवर तीव्र वाद झाले, पण त्यामुळे हा तर्क डळमळत नाही, कारण पुरावा दुसऱ्यांनी आणला. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या एका उत्परिवर्तित वाणाचा फुलोरा टाचणीसारखा बोडका येत असे, आणि त्याच्या खोडात ऑक्झिनचा वाहही मंदावलेला होता. 1998 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं आणि त्याच्या प्रथिनाला ‘पिन’ हेच नाव राहिलं. खोडातल्या पेशींत हे प्रथिन खरोखरच खालच्या टोकाशी दिसलं.

यावर आक्षेप असा की प्रथिन तिथे असणं हा वाहाचा परिणामही असू शकतो. 2006 मध्ये मुळाच्या पेशींत पिन प्रथिनाची बाजू बदलून पाहण्यात आली, तेव्हा वाहाची दिशाही बदलली. मला या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच वाटतो. शिवाय हे प्रथिन एकदा बसवलं की कायमचं तिथेच, असंही नाही. पेशी ते सतत आत ओढते आणि पुन्हा पडद्यावर पाठवते. ‘नोम’ नावाचं प्रथिन त्याला खालच्या बाजूला परत नेण्यात मदत करतं, तर ‘पिनॉइड’ने त्यावर फॉस्फेट चढवलं की ते वरच्या बाजूकडे वळू शकतं. दुसरं एक विकर ते फॉस्फेट उतरवतं.

मग डोळे का दबतात? शेंड्याचं ऑक्झिन डोळ्यात शिरत नाही, हे बरंच आधी लक्षात आलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ त्सवी साक्सच्या कल्पनेचा आधार घेऊन दिलेलं उत्तर असं: पहिल्या पावसाचं पाणी ज्या चरातून वाहतं तोच चर खोल होत जातो, तसा ऑक्झिनचा वाह आपल्या वाटेवरची पिन प्रथिनं वाढवतो. खोडाची वाट शेंड्याच्या ऑक्झिनने भरलेली असताना डोळ्याला स्वतःचा वाह तिथे सोडता येत नाही. शेंडा खुडला की ती वाट मोकळी होते.

तरी 2014 मध्ये वाटाण्यावरच्या कामाने एक खरी अडचण उभी केली. शेंडा कापल्यावर दूरचे डोळे ऑक्झिन ओसरण्याआधीच हलू लागतात, आणि साखर पुरवली तर शेंडा शाबूत असतानाही हलतात. म्हणजे अन्नाचं जुनं उत्तर अर्धं परत आलं. मला ते दिशेच्या उत्तराला पूरक वाटतं: डोळ्याची पहिली हालचाल साखरेने होते, पण त्याची फांदी होऊन टिकायला खोडाशी ऑक्झिनची वाट जोडावी लागते. तुरीच्या बाबतीत यातून निघणारं अनुमान असं की खुडणीच्या वेळी रानात ओल आणि झाडावर भरपूर पान हवं. पाण्याच्या ताणाने आखडलेल्या झाडाचा शेंडा खुडला तर वाट मोकळी होईल, पण डोळ्यांना उठायला साखर पुरणार नाही.