वाघूरच्या काठची पारो

बूट इथेच काढून ठेवा. आपण ज्या सालात निघालो आहोत, तिथे तुमच्या पायांत करकरणाऱ्या जाड वहाणा असतील, नाहीतर काहीच नसेल. घड्याळही राहू द्या. १८५६ सालचा फाल्गुन आहे, होळी चार-पाच दिवसांवर आली आहे आणि तुम्ही सोयगावच्या बाजूने निघालेल्या एका बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांवर बसून फर्दापूरकडे चालला आहात.

गाडीचा कणा कुईकुई करतोय, कारण वंगण संपलंय. धूळ नाकात, दातांत, पापण्यांवर बसली आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलाय. पान एक नाही, नुसता केशरी रंग. गाडीवान मागे वळून तुमचे कपडे पाहतो आणि विचारतो, "लेण्यातल्या सायबाकडं का, भाऊ?" तुम्ही हो म्हणा. या वाटेने परका माणूस आला की तो साहेबाकडेच जाणार, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

फर्दापूरच्या सराईपाशी उतरा. घोड्यांच्या लिदीचा, ओल्या चामड्याचा आणि चुलीवर करपलेल्या भाकरीचा मिळून एक वास आहे, तो थोडा वेळ सोबत येईल. इथून पुढे चालायचं. वाघूरचं पात्र हाच रस्ता. पाणी आटत आलंय, डोहाडोहांतून उरलंय. एकदा या काठाला, एकदा त्या काठाला, गोट्यांवरून घसरत जावं लागतं. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येतात, वारा थांबतो आणि तापलेल्या काळ्या दगडाची धग अंगावर येते. वर बघा, कड्याला आग्यामोहोळं लोंबताहेत. विडी पेटवू नका, मोठ्याने बोलू नका. इथे वाघापेक्षा माशीला जास्त भितात आणि ते बरोबर आहे.

नदी वळते तिथे लेणी दिसतात. आजच्यासारखी पायऱ्यांची, कठड्यांची सोय नाही. झाडं धरून, मातीत टाचा रोवून चढायचं. पहिल्या लेण्याच्या दारात पोचलात की आतून वटवाघळांच्या विष्ठेचा भपकारा येईल, डोळ्यांत पाणी येईल. थांबा, सवय होते. मग त्या वासाखालून दुसरा वास लागतो: जवसाच्या तेलाचा, रंगांचा, ताणून बसवलेल्या कापडाचा.

तो बघा, मेजर रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतला अधिकारी, पन्नाशी ओलांडलेला. भिंतीवरची चित्रं जशीच्या तशी उतरवून घ्यायला कंपनीने १८४४ मध्ये त्याची नेमणूक केली आणि तेव्हापासून तो या डोंगराचाच झाला आहे. सदरा पाठीला चिकटलाय. ऊन आत शिरतं तेवढाच वेळ खरं काम होतं. ते सरकलं की दिव्यांवर भागवायचं आणि दिव्यांची ऊब सोसायची. भिंतीतला एक हात, एक पापणी, एक मोत्याचा सर दिवसभर बघत बसायचं, तेव्हा कुठे तो कापडावर उतरतो.

आणि ती, खांबाला टेकून बसलेली, ती पारो.

गावच्या आठवणीत ती लेणापूरची. लेणापूर इथून जवळच, डोंगरावर. ही दरी ती पायांनी ओळखते असं धरून चला: उन्हाळ्यात पाणी कुठल्या डोहात टिकतं, जनावर कुठून उतरतं, कुठली वाट पावसाळ्यात दगा देते. साहेबाला दहा-बारा वर्षांनी हे थोडंफार कळायला लागलं असेल, तिला ते कळायला लहानपण पुरलं.

बसा. दुपारची शिदोरी सुटते आहे. ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा, लाल मिरचीचा ठेचा. ठेचा जपून खा. दोघांचं बोलणं ऐका, मोडक्यातोडक्या दख्खनीत चाललंय, मधे तिचे डोंगराकडचे शब्द. बराच वेळ कुणी काहीच बोलत नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, त्यांना होत नाही. तो ब्रश धुतो, ती पाण्याचं मडकं सावलीत सरकवते. मला विचाराल तर प्रेमाची खूण अशाच कामांत शोधावी.

जेवण झालं की जरा मान वर करा आणि या लेण्याचं छत बघा. टोपी घातलेला, लांब अंगरख्यातला, दाढीवाला एक परदेशी माणूस पेला हातात घेऊन बसलाय. शेजारी बाई आहे, भोवती सेवक आहेत. अजिंठ्याच्या चित्रकाराने परक्या देशाचा माणूस रंगवला तो राक्षस म्हणून नव्हे, त्याच्या मोज्यांच्या पट्ट्यांसकट, कौतुकाने. त्या छताखाली हे दोघे भाकरी खाताहेत, ही गोष्ट मला फार आवडते.

बाहेरचं जग एवढं मोकळं नाही. संध्याकाळी घाट चढून अजिंठा गावात चला, म्हणजे कळेल. कोटाच्या आत बाजार भरलाय. मिरच्यांच्या ढिगापाशी शिंका, गुळावर माश्या, कल्हईवाल्याच्या भात्याचा फसफस आवाज, तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या कवड्या आणि घुंगरं, मशिदीतून बांग, कुणाचा तरी हरवलेला बोकड आणि त्यावरून चाललेलं भांडण. खांद्याला खांदा लागतो. आणि बारादरीकडे निघालेल्या साहेबामागे ती दिसली की बाजाराचा आवाज एक क्षण खाली येतो. बायका पदर तोंडाला लावून पुटपुटतात. तिच्या माणसांना तो परका, त्याच्या छावणीतल्या माणसांना ती परकी. कंपनीच्या साहेबांनी इथल्या बायका घरात ठेवणं नवं नव्हतं. पण या काळापर्यंत ते लाजिरवाणं ठरू लागलं होतं, आणि अशा बायकांची नावं कागदावर येऊ न देण्याकडेच कल असे.

एक गोष्ट इथे बोललीच पाहिजे. गिलची विलायती बायको होती, मुलं होती. या दरीतल्या सुखाची किंमत कुणीतरी दूर कुठेतरी मोजली असणार. आणि पारोच्या हातची एक ओळ मागे राहिलेली नाही. तिच्या मनात काय होतं ते आपण तिच्या बसण्यावरून, मडकं सरकवण्यावरून ताडायचं. साहेबाजवळ हुकूम होता, पगार होता, तिच्याजवळ नव्हता. हे सगळं लक्षात ठेवूनही मी तुम्हाला इथे आणलं, त्याचं कारण पुढे आहे.

होळीची रात्र बघून घ्या. डफ, तांड्यावरचं गाणं, मोहाच्या दारूचा आंबूस वास, जाळाची आच गालांवर. आणि मग चला दोन महिने पुढे.

वैशाख. उन्हाने डोंगर पांढरा पडला आहे. वाघूरच्या डोहांना हिरवा तवंग आलाय. वारा आला तरी भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा येतो, आणि बहुधा येतच नाही. २३ मे १८५६ या दिवशी पारो गेली. आत डोकावू नका. बारादरीच्या बाहेर, लोक उभे आहेत तिथेच उभे राहा. डोक्यावर ऊन घ्या.

यानंतर गिलने जे केलं त्यासाठी मी तुम्हाला आणलं. त्याने अजिंठा गावात तिची समाधी बांधली आणि दगडावर इंग्रजीत तिचं नाव कोरलं, तारीख कोरली आणि ती आपल्याला प्रिय होती हेही कोरलं. ज्या गावात बायका पदर लावून पुटपुटत होत्या, तिथेच, उघड्यावर. मेजरच्या हुद्द्याचा माणूस, आणि त्याने ते झाकून ठेवलं नाही.

आणखी दहा वर्षं सरकू या, पण घाईने. गिलने कापडांवर उतरवलेली ती मोठमोठी चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली. तेलाचा रंग आणि ताणलेलं कापड, केवढा भडका उडाला असेल! तो घामाचा सदरा, ते दिवे, त्या दुपारी आठवा आणि मग या आगीचा विचार करा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं वाचली. गिलने तोपर्यंत कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांची त्याने काढलेली छायाचित्रं १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली होती, त्यामुळे त्याची नजर अगदीच पुसली गेली नाही. १८७९ च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरलं. पारो वर घाटावर, तो खाली खानदेशात.

पुढे शंभरेक वर्षांनी याच सोयगाव तालुक्यातल्या पळासखेड्याच्या एका शेतकरी कवीने, ना. धों. महानोरांनी, या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं. त्यावरून नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ मध्ये सिनेमा काढला. पारो घरोघर पोचली ती अशी. महानोरांनी ती लिहावी यात मला नवल वाटत नाही. पळस आणि वैशाखाचं ऊन त्यांच्या शेतातलंच होतं.

आता परत या, बूट घाला. अंगाला अजून धूर आणि धूळ चिकटली असेल, घरी जाऊन अंघोळ करा. आणि पुढच्या खेपेला लेणी बघायला आलात की फर्दापूरहून गाडी थेट माघारी वळवू नका. घाट चढून अजिंठा गावात जा आणि पहिला भेटेल त्या माणसाला पारोचा दगड विचारा.