काकडीच्या कडूपणाचा इतिहास

काकडी चिरताना देठाकडचा तुकडा आधी चाखून पाहतात. त्या सवयीचे मूळ हिमालयाच्या पायथ्याच्या रानकाकडीत आहे. तिचे फळ कडूच. कुकुरबिटासिन-सी या द्रव्याचा हा कडूपणा बहुतेक किडींना दूर ठेवतो.

जाकोब व मोनो यांनी १९६१ मध्ये जीवाणूंतील ऑपेरॉन मांडला. वनस्पतींत मात्र एका कामाची जनुके विखुरलेली असतात, असेच आपण वर्गात सांगत आलो. १९९७ मध्ये मक्यातील संरक्षक द्रव्याची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी सापडली आणि ते विधान ढिले पडले.

२०१४ मध्ये चिनी संशोधकांनी काकडीच्या कडूपणाची नऊ जनुके ओळखली. त्यांतील काही अशीच एकत्र आहेत. पण ऑपेरॉनसारखा सामाईक संदेश-आरएनए येथे नाही. प्रत्येक जनुक वेगळे वाचले जाते, चालू करणारे नियामक प्रथिन तेवढे समान: पानांत ‘बीएल’, फळांत ‘बीटी’. (बीटी कापसाशी याचा संबंध नाही, विद्यार्थी हमखास विचारतात.)

शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचे बी राखले, तेव्हा निवड झाली ती ‘बीटी’तील बदलांची. कडूपणा घडवणारी जनुके शाबूत राहिली. म्हणूनच थंडीचा ताण बसला की काही गोड वाणांची काकडीही कडू निघते.