नावाला ‘नॉर्दर्न’, पसारा दक्षिणेपर्यंत

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावर काळ्या रंगाने दाखवलेली नॉर्दर्न लाइन ही एक रेषा नसून गुंता आहे. उत्तरेकडून दोन फाटे खाली येतात. ते कॅम्डन टाउनला एकत्र मिळतात आणि लगेच पुन्हा दुभंगतात. एक मार्ग बँक या व्यापारी पेठेतून जातो, दुसरा चेरिंग क्रॉसच्या नाट्यगृहांच्या भागातून. थेम्स नदी ओलांडून दोन्ही मार्ग केनिंग्टनला भेटतात. तेथून एक फाटा मॉर्डनला जातो व दुसरा बॅटरसीला. लांबी सुमारे ५८ किलोमीटर, स्थानके ५२, आणि त्यांतील ३८ स्थानकांचे फलाट जमिनीखाली. मुंबईच्या हार्बर मार्गावर गाडी पनवेलची की गोरेगावची, हे पाहून चढावे लागते. येथे तसा प्रश्न दोनदा पडतो: गाडी कोठे जाणार आणि कोणत्या मार्गाने जाणार? फलाटावरील फलकावर ‘मॉर्डन, बँकमार्गे’ असे लिहिलेले असते. त्यातील दुसरा शब्द न वाचणारा पाहुणा लेस्टर स्क्वेअरऐवजी ओल्ड स्ट्रीटला पोहोचतो.

नावातही गंमत आहे. ‘नॉर्दर्न’ म्हणजे उत्तरेची. प्रत्यक्षात लंडनच्या संपूर्ण भुयारी जाळ्यातील सर्वांत दक्षिणेकडील स्थानक, मॉर्डन, याच मार्गावर आहे. हे नाव १९३७ साली पडले, आणि तेही उत्तरेकडील ज्या विस्ताराच्या भरवशावर पडले, त्यातील बराचसा पुढे झालाच नाही.

पहिली सहा स्थानके

या गुंत्याचे मूळ दोन वेगवेगळ्या कंपन्यांत आहे. ‘सिटी अँड साउथ लंडन रेल्वे’ १८ डिसेंबर १८९० रोजी प्रवाशांसाठी सुरू झाली. किंग विल्यम स्ट्रीट ते स्टॉकवेल अशी जेमतेम सव्वापाच किलोमीटरची ही वाट होती आणि तीवर सहा स्थानके होती. जमिनीखाली खोल गेलेली, विजेवर चालणारी ही जगातील पहिली मोठी रेल्वे. त्याआधीच्या लंडनच्या भुयारी गाड्या रस्त्यालगत उथळ खणलेल्या मार्गांवरून वाफेच्या इंजिनांनी धावत, आणि बोगदे धुराने भरून जात. खोल बोगद्यात इंजिनाचा धूर परवडणारा नव्हता. त्यामुळे गाड्या दोरखंडाने ओढण्याचा पहिला बेत होता. दोरखंडाचे तंत्र पुरवणारी कंपनी बुडाली, आणि मग विजेकडे वळण्याचे धाडस केले गेले. मातीत ढालीसारखी पोलादी चौकट पुढे सरकवत बोगदा खणण्याची पद्धत अभियंता जेम्स हेन्री ग्रेटहेड यांनी येथे वापरली. भाडे सरसकट दोन पेन्स होते. डब्यांना छताजवळ बारीक फटींएवढ्याच खिडक्या होत्या. बोगद्यात पाहायचे काय, असा कंपनीचा हिशेब. लोकांनी त्या डब्यांना ‘गादी लावलेल्या कोठड्या’ असे नाव ठेवले.

दुसरी कंपनी अमेरिकी भांडवलदार चार्ल्स टायसन यर्क्स यांच्या पैशावर उभी राहिली. चेरिंग क्रॉसहून निघून कॅम्डन टाउनला दुभंगणारा, गोल्डर्स ग्रीन आणि हायगेट अशी दोन टोके असलेला तिचा मार्ग २२ जून १९०७ रोजी सुरू झाला. यर्क्स तो पाहायला हयात नव्हते. १९०५ सालीच त्यांचे निधन झाले होते. हॅम्पस्टेडची टेकडी ओलांडण्यासाठी येथे बोगदा फार खोल न्यावा लागला. परिणामी हॅम्पस्टेड हे लंडनमधील सर्वांत खोल भुयारी स्थानक ठरले, पृष्ठभागापासून ५८.५ मीटर खाली. प्रवासी आजही तेथे उद्वाहनानेच ये-जा करतात. हॅम्पस्टेड आणि गोल्डर्स ग्रीन यांच्या दरम्यान नॉर्थ एंड नावाच्या आणखी एका स्थानकाचे फलाट खणून तयार होते. वर माळरान राखीव ठेवले गेल्याने घरे आलीच नाहीत, आणि स्थानक कधी उघडले नाही.

दोन्ही कंपन्यांचे मार्ग जोडण्याचे काम १९२४ साली झाले. त्यासाठी जुन्या मार्गाचे अरुंद बोगदे रुंद करावे लागले. त्याच वर्षी उत्तरेकडील फाटा एजवेअरला पोहोचला आणि १९२६ साली दक्षिणेचे टोक मॉर्डनला गेले. तेथे शेते होती. गाडी आली आणि दहा-पंधरा वर्षांत घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. दक्षिणेकडील स्थानकांच्या पांढऱ्या दगडी दर्शनी भिंती चार्ल्स होल्डन या वास्तुरचनाकाराच्या आहेत. रात्री काचेतून उजळणारी त्यांची रचना आजही एका नजरेत ओळखू येते.

भारतीय पाऊलखुणा

मराठी वाचकाला या मार्गावरील दोन स्थानके जवळची वाटतील. चॉक फार्म स्थानकापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास शिकत असताना राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक उभे राहिले. एजवेअर फाट्याची गाडी तेथे थांबते. हाय बार्नेट फाट्याने गेल्यास आर्चवे हे स्थानक लागते. १९०७ साली ‘हायगेट’ या नावाने सुरू झालेले स्थानक ते हेच. तेथून टेकडीवर गेले की क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचे घर आहे. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली उघडलेले ‘इंडिया हाउस’ याच घरात होते आणि विनायक दामोदर सावरकर लंडनच्या वास्तव्यात येथे राहत. म्हणजे इंडिया हाउसमधील हालचाली ऐन भरात असताना टेकडीच्या पायथ्याशी भुयारी रेल्वे येऊन ठेपली होती.

युद्धातील आसरा

दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षाव सुरू झाला आणि लोक रात्री फलाटांवर झोपू लागले. खोल असूनही ही जागा सर्वत्र सुरक्षित नव्हती. १४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बॅलहम स्थानकावरील रस्त्यात बाँब पडला, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ फुटले आणि बोगद्यात पाणी-चिखल घुसून साठहून अधिक माणसे दगावली. पुढे शासनाने आणखी खोल आसरे खणले. पूर्ण झालेल्या आठ आसऱ्यांपैकी सात याच मार्गालगत आहेत. युद्धानंतर त्यांतून जलद गाड्यांचा वेगळा मार्ग नेण्याची कल्पना होती, ती बारगळली. क्लॅपहम साउथच्या आसऱ्यात मात्र १९४८ साली वेस्ट इंडीजहून ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने आलेल्या दोनशेहून अधिक लोकांची तात्पुरती सोय करण्यात आली.

कागदावर राहिलेले फाटे

उत्तरेच्या विस्ताराची योजना १९३५ सालची. वाफेच्या गाड्यांचे जुने उपनगरी मार्ग ताब्यात घेऊन त्यांवर वीज आणायची, एजवेअरचे टोक पुढे बुशी हीथपर्यंत न्यायचे आणि अलेक्झांड्रा पॅलेसलाही फाटा द्यायचा, असा तो बेत होता. १९४० साली हाय बार्नेटपर्यंत गाडी गेली. १९४१ साली मिल हिल ईस्टपर्यंत गेली, कारण तेथे लष्कराची छावणी होती. तेवढ्यावर सारे थांबले. युद्धानंतर शहराभोवती हरितपट्टा राखण्याचे ठरले, बुशी हीथकडे वस्ती वाढण्याची शक्यता मावळली आणि उरलेले फाटे रद्द झाले. मिल हिल ईस्टचा एकेरी रुळांचा तोकडा फाटा आजही तसाच लोंबकळतो. त्याच्या वाटेतील डॉलिस ब्रुक दरीवरील पूल हा या ‘भुयारी’ रेल्वेचा जमिनीपासून सर्वांत उंच भाग आहे, सुमारे १८ मीटर. हा फाटा जेथे सुटतो त्या फिंचली सेंट्रलच्या परिसरात हॅरी बेक राहत. त्यांनी १९३१ साली आखलेला सरळ रेषांचा नकाशा १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शहरांनी त्याचे अनुकरण केले. स्थानकावर त्यांच्या नकाशाची प्रत लावलेली आहे.

मूरगेट ते फिन्सबरी पार्क हा आणखी एक तुकडाही एकेकाळी नॉर्दर्न लाइनमध्येच गणला जाई. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी मूरगेटला न थांबता एक गाडी बोगद्याच्या बंद टोकावर आदळली आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. कारण निश्चित झाले नाही. त्यानंतर टोकाच्या स्थानकांत गाडीचा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा बसवण्यात आली. त्याच वर्षी हा तुकडा ब्रिटिश रेल्वेकडे गेला.

एम्बँकमेंट स्थानकावर उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटाशी ‘माइंड द गॅप’ हा जुना आवाज अजून ऐकू येतो. तो अभिनेते ओस्वाल्ड लॉरेन्स यांचा. २०१२ साली नवी यंत्रणा आल्यावर तो बंद झाला होता. लॉरेन्स यांच्या निधनानंतर त्यांची पत्नी केवळ तो आवाज ऐकण्यासाठी फलाटावर बसत असे. हे कळल्यावर व्यवस्थापनाने २०१३ साली त्या एका फलाटावर तो परत लावला.

कॅम्डनचा तिढा

गेल्या काही वर्षांत मार्गाला दोन मोठ्या भरी मिळाल्या. २० सप्टेंबर २०२१ रोजी केनिंग्टनहून नाइन एल्म्स आणि बॅटरसी पॉवर स्टेशनपर्यंतचा फाटा सुरू झाला. २०२२ साली जानेवारी ते मे असा बँकचा मार्ग बंद ठेवून तेथे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी नवा बोगदा व रुंद फलाट जोडण्यात आला. जुन्या फलाटाची जागा प्रवाशांना चालण्यासाठी मोकळी झाली.

मूळ प्रश्न मात्र कॅम्डन टाउनला अडून आहे. चारही दिशांच्या गाड्या तेथे एकमेकींच्या वाटा ओलांडतात, आणि एका गाडीला उशीर झाला की तो सर्व फाट्यांवर पसरतो. बँक व चेरिंग क्रॉस हे दोन स्वतंत्र मार्ग केले, तर तासाला अधिक गाड्या सोडता येतील. पण मग एजवेअर वा हाय बार्नेटच्या प्रवाशांपैकी कित्येकांना कॅम्डनला उतरून गाडी बदलावी लागेल, आणि तेथील अरुंद वाटा व जिने एवढी गर्दी सोसणारे नाहीत. वर्षानुवर्षे रविवारी दुपारी हे स्थानक बाजाराच्या गर्दीमुळे केवळ बाहेर पडण्यासाठी खुले असे, यावरून कल्पना यावी. पुनर्बांधणीचा पहिला आराखडा आसपासच्या जुन्या इमारती व बाजाराची जागा पाडण्यावरून २००५ साली फेटाळला गेला. दुसरा आराखडा पैशाअभावी २०१८ साली थांबवण्यात आला.