पडद्यावरची हजेरी

श्रोतेहो, गोदाकाठचे शहागड घ्या. इथला शेतकऱ्याचा मुलगा आज मोबाईलवर विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुरा करू शकतो. पण मास्तर समोर नाहीत. मग तो शिकतो आहे की नाही, हे कळायचे कसे?

प्रश्न जुनाच आहे. १९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकावर शिकवण्याची पद्धत सुरू झाली. विद्यार्थ्याचे उत्तर ती तिथल्या तिथे तपाशी आणि नोंदूनही ठेवी. आपल्याकडे १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. तिथे भिस्त टपालावर. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, २०१७ साली केंद्र सरकारचे 'स्वयम्' आले आणि २०२० च्या टाळेबंदीत तर सारे वर्गच पडद्यावर गेले.

आता पाठ केव्हा उघडला, चाचणी कितीदा दिली, याची नोंद आपोआप होते. पुष्कळ मुले एकाच जागी चित्रफीत मागे नेत असतील, तर शिकवणाऱ्याने ओळखावे, की आपले सांगणेच तिथे कमी पडले. हा नोंदीचा मोठा उपयोग.

पण जरा सबुरीनं! एखादा मुलगा रेंज मिळेल तिथे पाठ उतरवून घेतो आणि रात्री शेतावर पाहतो. नोंदीत तो गैरहजर दिसू शकतो. दुसरा पाठ लावून गप्पा छाटतो, तो मात्र हजर! तेव्हा नोंद जरूर पाहावी, पण शेरा मारण्याआधी मुलाला विचारावे, "बाबा रे, अडलं कुठं?"