रेणापूरच्या सोयाबीन अनुदानाचं गणित: शेजाऱ्याला मिळालं, आपल्याला का नाही?

लातूर जिल्ह्यातला रेणापूर तालुका. खरिपात इथं जिकडं बघाल तिकडं सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. २०२३ च्या खरिपात भाव पडले आणि त्या हंगामासाठी राज्य सरकारनं अर्थसाहाय्य जाहीर केलं. शासन निर्णय निघाला २९ जुलै २०२४ ला, पैसे वाटायला सुरुवात झाली ३० सप्टेंबर २०२४ ला. विधानसभा निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती, हे वेगळं सांगायला नको.

हिशोब असा: ०.२ हेक्टरपेक्षा कमी, म्हणजे साधारण २० गुंठ्यांच्या आत सोयाबीन असेल तर सरसकट १,००० रुपये. त्याच्या वर हेक्टरी ५,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंतच. म्हणजे सोयाबीनसाठी जास्तीत जास्त १०,००० रुपये. एकरावर आणलं तर २,००० रुपये. एकरी ५ क्विंटल उतारा धरला, तर क्विंटलमागे ४०० रुपये पडतात. त्या हंगामाचा हमीभाव ४,६०० होता. बाजारात ४,२०० च्या खाली विकलेल्या मालाचा तोटा या अनुदानातून भरून निघत नाही.

आता मूळ प्रश्न. एकाच शिवारात, बांधाला बांध लागून असलेल्या दोघांपैकी एकाच्या खात्यात पैसे आणि दुसऱ्याच्या नाही, असं का होतं?

कारण पैसे पिकाला मिळत नाहीत, पिकाच्या नोंदीला मिळतात. सुरुवातीची अटच होती की २०२३ च्या खरिपाची ई-पीक पाहणी केलेली हवी. मोबाईलवर ॲप उघडून, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो टाकून. ज्यांच्याकडं साधा फोन, त्यांचं काय? ओरड झाल्यावर अट शिथिल झाली आणि सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद असलेल्यांनाही यात घेतलं गेलं.

तरी अडकणारे अडकलेच. सातबारा सामायिक असेल, तर पैसे एकाच्या खात्यावर घ्यायला बाकीच्यांची ना हरकत लागते. भावकीत बोलचाल बंद असली की विषय संपला. वडील वारले आणि वारसनोंद राहिली, तर यादीत नाव वडिलांचंच येतं.

सगळ्यात वाईट अवस्था बटईनं किंवा ठोक्यानं करणाऱ्याची. बियाणं, खत, फवारणी, मळणी त्याची किंवा अर्धी त्याची, पण सातबारा मालकाचा. अनुदान मालकाच्या खात्यात जातं. त्यातलं काही बटईदाराला द्यायचं की नाही, हे मालकाच्या मनावर. बटई तोंडी असल्यानं दाद मागायला कागद नाही.

आणखी एक गडबड बँकेची. आधारवरून येणारा पैसा तुम्ही सांगितलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलंय तिथं तो जातो. त्यामुळं ‘आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या काहींचे पैसे दुसऱ्याच पासबुकात सापडतात. आणि दर काही महिन्यांनी येणारे २,००० रुपये म्हणजे हे अनुदान नव्हे. ते पीएम-किसान किंवा नमो शेतकरीचे हप्ते, त्यांचा सोयाबीनशी संबंध नाही.

सातबाऱ्यावरची पीकनोंद पुढंही लागतेच. हमीभाव केंद्रावर सोयाबीन घालायचं तर नाव नोंदवताना आधी तीच मागतात.