स्वर्गातून आलेलं आडनाव

'ब्रेकिंग बॅड' पाहिली असेल तर गस फ्रिंग विसरणं शक्य नाही. चिकनची हॉटेलं चालवणारा, टाय नीट बांधलेला, आवाज कधीही न चढवणारा आणि म्हणूनच धडकी भरवणारा. ती भूमिका करणाऱ्या नटाचं नाव जिआनकार्लो एस्पोझितो. त्याचे वडील नेपल्सचे. नेपल्समध्ये हे आडनाव ऐकून कुणी मान वर करून बघत नाही, इतकं ते नेहमीचं आहे. सगळ्या इटलीतल्या आडनावांची मोजदाद केली तरी ते पहिल्या पाचात येतं. रोस्सी, रुस्सो, फेरारी यांच्या पंगतीत.

रोस्सी म्हणजे तांबड्या केसांचा किंवा तांबूस वर्णाचा. रुस्सो हे त्याचंच दक्षिणेतलं रूप. फेरारीच्या मुळाशी लोहार आहे. हे सगळं समजण्यासारखं आहे; कुठल्याही देशात रंगरूपावरून, धंद्यावरून आडनावं पडतात. एस्पोझितोचा अर्थ मात्र 'उघड्यावर ठेवलेला' असा होतो. म्हणजे आईवडिलांनी सोडून दिलेलं बाळ.

एवढी बाळं आली कुठून, हे बघायला नेपल्सच्या जुन्या भागात अन्नुंत्सियाता नावाच्या संस्थेच्या भिंतीपाशी जावं लागतं. चर्च, इस्पितळ आणि अनाथालय असं एकत्र असलेली ही जुनी संस्था. तिच्या भिंतीत 'रुओता' म्हणजे चाक आजही दिसतं. उभ्या दांड्यावर फिरणारं लाकडी पिंप, अर्धं रस्त्याच्या बाजूला उघडं, अर्धं आतल्या बाजूला. रात्री कुणीतरी यायचं, पिंपात बाळ ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायचं आणि निघून जायचं. आतली बाई बाळ उचलून घ्यायची. ठेवणाऱ्याचा चेहरा आतल्याला दिसू नये, हाच त्या यंत्राचा सगळा उद्देश. ठेवणारी दरवेळी कुमारी माताच असे असंही नाही. लग्नाच्या बायकाही यायच्या, कारण घरात आधीची चार तोंडं असायची. आत आलेल्या बाळाला बाप्तिस्मा मिळे, वहीत नोंद होई आणि मग ते दूध पाजायला पैसे देऊन एखाद्या बाईकडे सोपवलं जाई. त्यातली पुष्कळ बाळं पहिला वाढदिवसही पाहत नसत. जी जगली त्यांच्यामागे आयुष्यभर ते एक विशेषण राहिलं: एस्पोझितो. लोक प्रेमानं त्यांना मादोन्नाची मुलंही म्हणत, पण कागदावर प्रेम लिहिलेलं नसतं.

प्रत्येक मोठ्या शहराचा शब्द वेगळा होता. रोममध्ये सान्तो स्पिरितो इस्पितळात आलेल्यांना प्रोयेत्ती म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'फेकलेला', नेपल्सपेक्षाही कठोर. मिलानच्या मोठ्या इस्पितळाचं चिन्ह कबुतर, म्हणून तिथली मुलं कोलोम्बो. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेल्लेस्कीनं आराखडा केलेली इमारत १४१९ साली बांधायला घेतली, १४४५ साली तिथं पहिलं बाळ आलं. संस्थेचं नाव इन्नोचेंती, म्हणजे निष्पाप बालकं; त्यावरून मुलं इन्नोचेंती किंवा नोचेंतीनी. आज आडनावांचा नकाशा पाहिला तर हे अजून ढोबळपणे तसंच दिसतं. नेपल्सभोवती एस्पोझितोंची दाटी, रोमच्या आसपास प्रोयेत्ती, मिलानकडे कोलोम्बो, तोस्कानात इन्नोचेंती. चाकं थांबून शतक उलटून गेलं, नकाशावर ती अजून आहेत.

इथं एक सावधगिरी. दोन एस्पोझितो भेटले तर ते नातेवाईक असण्याची शक्यता दोन अनोळखी माणसांइतकीच. आडनाव एक आहे म्हणजे मूळ पुरुष एक आहे असं आपण सहज धरून चालतो. इथं एकच आहे ती भिंत. शिवाय प्रत्येक कोलोम्बोचा पूर्वज मिलानच्या इस्पितळात वाढला असंही नाही. अमेरिकेला पोहोचलेला कोलंबस जिनोव्हाच्या विणकराचा मुलगा होता, आणि तोही कोलोम्बोच. कबुतरावरून माणसांची नावं इस्पितळाच्या बाहेरही पडत होती. इन्नोचेंतीचंही तसंच. आजोबांच्या काळातली लॅम्ब्रेटा स्कूटर बनवणारा फेर्दिनांदो इन्नोचेंती तोस्कानातला होता. पुढे त्याच्या कंपनीची स्कूटर मुंबईत जोडली जाऊ लागली आणि ते आडनाव आपल्या रस्त्यांवरही धावलं. पण ते त्याच्या घराण्यात फ्लॉरेन्सच्या त्या इमारतीतून आलं की इन्नोचेंत्सो नावाच्या एखाद्या पणजोबाकडून, हे नुसत्या आडनावावरून सांगता येत नाही.

हा शिक्का अन्यायाचा आहे, हे राज्यकर्त्यांनाही उमगत गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपल्सवर नेपोलियनचा मेहुणा म्युरा राज्य करत असताना, नव्या बाळांना एस्पोझितो हे आडनाव द्यायला बंदी आली. इटली एक देश झाल्यावर सगळीकडेच, मुलाचा जन्म उघड करणारं आडनाव देऊ नये, असं ठरत गेलं. दिलेली आडनावं मात्र तशीच राहिली, वाढत राहिली.

बंदीमुळे कारकुनाच्या टेबलावर नवीनच काम आलं. समोर बाळ आहे, वही उघडी आहे, आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि नेहमीचा शब्द लिहायचा नाही. मग काय लिहायचं? कुणी त्या दिवसाचा संत घेतला, कुणी महिना, कुणी फूल, कुणी अक्षरक्रमानं शब्द घेत गेला. काही कारकून कंटाळले असणार, काहींना कोट्या सुचल्या. फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंतीत बाळ ठेवायची खिडकी १८७५ च्या ३० जूनला बंद झाली. शेवटच्या दोन बाळांची नावं नोंदवहीत आहेत: मुलगा उल्तिमो लाशाती, मुलगी लाउदाता क्यूझूरी. पहिल्याचा अर्थ साधारण 'सोडलेल्यांतला शेवटचा', दुसरीचा 'बंद होण्याची स्तुती असो'. प्रशासनाच्या निर्णयावरचं आपलं मत कुणीतरी एका दिवसाच्या मुलीच्या नावात लिहून टाकलं. मला ही कोटी आवडत नाही, पण विसरताही येत नाही.

म्हणजे शिक्क्यासारखं एकच आडनाव हजारोंना दिलं की ते देशात पहिल्या पाचात जातं. प्रत्येकाला वेगळं दिलं की दुर्मीळ आडनावं तयार होतात, काही तर जगात एकाच घरात. आडनावाच्या गर्दीमागे आणि त्याच्या एकटेपणामागे एकच गोष्ट असू शकते.

अशाच एका एकट्या आडनावाचा माणूस आपल्या ओळखीचा आहे. 'द नेम ऑफ द रोझ' लिहिणारा उम्बेर्तो एको.

एकोचा जन्म १९३२ साली पिएमोंतेमधल्या अलेस्सांद्रिया गावात झाला. वडील हिशेबनीस, तेरा भावंडांतले एक. आजोबा छापखान्यात जुळारी. निवृत्तीनंतर पुस्तकं बांधून द्यायचे. ते गेले तेव्हा न बांधलेली पुस्तकं घरी राहिली, ती खोक्यात भरून तळघरात गेली, आणि कोळसा आणायला खाली पाठवलेला लहानगा उम्बेर्तो तिथंच वाचत बसायचा. हे आजोबा सापडलेलं मूल होते. त्यांचं आडनाव कुठल्याही बापाकडून आलेलं नव्हतं, नगरपालिकेच्या कुणा कारकुनानं दिलेलं होतं.

इटालियनमध्ये 'एको' म्हणजे प्रतिध्वनी. नेहमीच्या वापरातला शब्द, पण आडनाव म्हणून विचित्रच. कारकुनानं हाच का निवडावा? एकोला पुढे एका परिचितानं सांगितलं, की व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जेझुइटांच्या लघुरूपांची एक यादी हाती लागली आणि तिच्यात ही अक्षरं होती. ई, सी, ओ. 'एक्स काएलिस ओब्लातुस'. स्वर्गातून अर्पण केलेला. उघड्यावर ठेवलेला नव्हे, फेकलेलाही नव्हे. बाळ तेच, शब्द तिसरा.

गोष्ट इतकी सुंदर आहे की शंका घ्यायलाच हवी. शब्दाची उत्पत्ती आद्याक्षरांत सापडली, असं कुणी सांगितलं की भाषेचा अभ्यासक आधी भुवया उंचावतो, आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं निघतं. अर्थ आधी आवडतो, अक्षरं मागाहून बसवली जातात. पण या बाबतीत दुसरी बाजूही आहे. चर्चच्या जगात लॅटिन लघुरूपं रोजच्या वापरातली होती. जेझुइट तर आपलं ब्रीदवाक्यच चार अक्षरांत लिहीत. त्या वातावरणात शिकलेल्या कारकुनाला असं लघुरूप माहीत असणं अगदी शक्य आहे. नियम शिक्का मारू देत नाही, मग शिक्काच मारायचा पण ज्याला लॅटिन येतं त्यालाच वाचता येईल असा, हा कारकुनी हुशारपणाही पटण्यासारखा आहे. माझा कौल 'शक्य आहे' असा. त्याच्यापुढे जायला वहीतली नोंद लागते, आणि कारकून आपण हा शब्द का निवडला ते लिहून ठेवत नाही.

गंमत अशी, की माणसं हव्या त्या खुणेतून हवा तो अर्थ कसा काढतात, हा एकोचा आयुष्यभराचा विषय. १९९० साली केंब्रिजमध्ये त्यानं अतिअर्थ लावण्याच्या याच सवयीवर व्याख्यानं दिली. त्याआधी १९८८ साली आलेल्या 'फूकोज पेंड्युलम'मध्ये दिओताल्लेवी नावाचं पात्र आहे. शब्दाचा अर्थ 'देव तुला वाढवो'. या दिओताल्लेवीचा आजोबाही सापडलेलं मूल. तो स्वतःला ज्यू समजतो. मित्र त्याला चिडवतात, अरे, हे तर सोडलेल्या पोरांना देतात ते आडनाव. आपल्याच घरातली गोष्ट एकोनं दुसऱ्याच्या तोंडी घातली आणि वर तिची थट्टाही करून घेतली.

त्या मित्रांचा तर्क तरी पक्का आहे का? दिओताल्लेवीचं भावंड शोभेल असं एक नाव आहे, दिओतीसाल्वी, 'देव तुला वाचवो'. पिसा म्हटलं की कलता मनोरा आठवतो, पण शेजारच्या गोल बाप्तिस्मागृहाचं काम ११५२ साली सुरू करणारा वास्तुकार हाच दिओतीसाल्वी. त्या काळी नव्या बाळाला आशीर्वादच नाव म्हणून देत, आईबाप हयात आणि हजर असले तरी. तेव्हा कुठल्याही इटालियन आडनावात देव दिसला की चाक शोधायला धावू नये.

आज एको हे आडनाव किती जण लावतात? मोबाइलवर आडनावांचे नकाशे सहज सापडतात, पण त्यांतले कित्येक जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर बेतलेले असतात. डिरेक्टरी माणसं मोजत नाही, लँडलाइन मोजते. घरात पाच माणसं असली तरी ठिपका एक, तोही बहुधा घरच्या पुरुषाच्या नावाचा. एस्पोझितोसाठी ही चूक फारशी बिघडवत नाही, लाटेत चार थेंब इकडेतिकडे. एकोसारख्या आडनावाला मात्र दोन घरांनी लँडलाइन काढून टाकली तर नकाशावर ते जवळपास मेलेलं दिसू शकतं.

आडनावं खरोखर मरतातही. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टननं हा प्रश्न गणितज्ञांपुढे टाकला: आडनाव फक्त मुलग्यांतून पुढे जातं आणि कुणाला किती मुलगे होतील हे नशिबावर असतं, तर एखादं आडनाव संपण्याची शक्यता किती? वॉटसन नावाच्या पाद्र्यानं उत्तराची रीत मांडली. त्याच्या निष्कर्षात चूक होती, पण मूळ गोष्ट टिकली: एका माणसापासून सुरू झालेलं आडनाव पहिल्या काही पिढ्यांत सर्वांत जास्त धोक्यात असतं. कारकुनानं दिलेली कित्येक आडनावं अशीच पहिल्याच घरात संपली असतील; मूल वाचलं नाही, किंवा मुलीच झाल्या. अलेस्सांद्रियाच्या जुळाऱ्याला तेरा मुलं झाली. गणिताच्या भाषेत ही भक्कम सुरुवात.

मुलींपाशी आडनाव थांबायचं हे आता बदलतं आहे. इटलीच्या घटनात्मक न्यायालयानं २०२२ साली, मुलाला आपोआप फक्त बापाचंच आडनाव लागण्याचा नियम रद्द केला. आता रीत अशी, की आईबापांनी ठरवलेल्या क्रमानं दोघांची आडनावं लागतात. दोघांचं एकमत असेल तर कुठलंही एक. दुर्मीळ आडनावाच्या घरात एकुलती मुलगी असेल तर ही बातमी छोटी नाही.

बाळ सोडण्याची सरकारमान्य चाकं १९२३ साली बंद झाली. पण आजही इटलीत बाईला आपलं नाव न नोंदवता इस्पितळात बाळंत होता येतं, आणि अशा बाळासाठी कुणीतरी आडनाव लिहावंच लागतं. त्याचे नियम २००० सालच्या नागरी नोंदणीच्या नियमावलीत, ३४व्या कलमात आहेत. बाळाचा जन्म कसा झाला हे सुचवणारं नाव किंवा आडनाव द्यायचं नाही. इतिहासात गाजलेलं आडनाव द्यायचं नाही. जिथं नोंद होते आहे त्या गावात एखादं घराणं विशेष प्रसिद्ध असेल, तर त्याचंही आडनाव द्यायचं नाही.

माझ्या समजुतीनं, आज अलेस्सांद्रियातल्या कारकुनासमोर असं बाळ आलं तर त्याला एको हे आडनाव देता येणार नाही.