लिव्हरपूलचा कापूस आणि मुंबईचे शेअर

बाजारभावांचे आलेख काढून त्यांवरून पुढील चढउतारांचें अनुमान करण्याची जी विद्या आहे, तिला आमचे कित्येक सुशिक्षित स्नेही ज्योतिषाच्या पंक्तीस बसवितात. आम्ही तिचे अंधभक्त नाहीं. तथापि दूरदूरच्या बाजारांचे परस्परसंबंध ताडण्याच्या कामीं ती कितपत उपयोगी पडते, हें मुंबईच्याच इतिहासावरून पाहण्यासारखें आहे.

या विद्येचा अमेरिकेंतील आद्य पुरस्कर्ता चार्ल्स डाऊ (१८५१–१९०२). कारखान्यांच्या आणि आगगाड्यांच्या शेअरांची सरासरी तो वेगवेगळी काढी. त्याच्या विचाराचें सार असें कीं, कारखान्यांतून निघालेला माल आगगाड्यांनीं वाहिला पाहिजे. म्हणून एक रेषा चढली आणि दुसरीनें तिला साथ दिली नाहीं, तर त्या तेजीवर भरंवसा ठेवूं नये.

हीच कसोटी मुंबईस लावूं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, दक्षिणेचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें रोखलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून अडल्या. हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचें मोल आलें. तो पैसा मुंबईंत येऊन शेअरबाजारांत शिरला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. बॅक बे येथें समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीचे शेअर मूळ किंमतीच्या कितीतरी पट दरानें विकले गेले. १८६५ च्या आरंभीं शहरांत ३१ बँका होत्या.

परंतु लिव्हरपूलची रेषा निराळेंच सांगत होती. १८६४ च्या उत्तरार्धांत तहाच्या नुसत्या वार्तांनींच तेथें कापसाचे भाव घसरूं लागले होते. मुंबईचे शेअर मात्र तेजींतच होते. मूळ आटूं लागलें तरी फांद्या वाढतच राहिल्या! ९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली शरण गेला. डाऊ तेव्हां अवघा १३ वर्षांचा होता. १ जुलै रोजीं वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस उगवला, आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. शेअरांच्या तारणावर सढळ हातानें कर्जें देणारी बँक ऑफ बॉम्बेहि १८६८ सालीं गुंडाळावी लागली.

या दोन रेषा कोणी शेजारीं शेजारीं मांडल्या असत्या, तर त्यास सावधगिरीची सूचना खात्रीनें मिळाली असती. कोसळण्याचा दिवस मात्र कळला नसता. शिवाय बाजारांतील नातें नेहमी सारखेंच दिसतें, असेंहि नाहीं. सुकाळांत प्रत्येक बाजार आपापल्या चालीनें चालतो. संकट येतांच सारे एकाच उतारास लागतात. १९ ऑक्टोबर १९८७ रोजीं न्यूयॉर्कमधील डाऊ निर्देशांक एका दिवसांत २२.६ टक्के खालीं आला, तेव्हां हाँगकाँग व लंडन येथील बाजारहि त्याच दिवशीं गडगडले. निरनिराळ्या देशांत पैसा वांटून ठेवल्यानें आपण निर्धास्त झालों, असें मानणाऱ्यांस हा धडा महाग पडला.

सारांश, आलेख नातें दाखवितो, कारण दाखवीत नाहीं. मुंबईच्या बाबतींत तें कारण कापसाच्या गठ्ठ्यांत आणि उधारीच्या कागदांत होतें. आयुष्याची शिल्लक बाजाराच्या हवालीं करणाऱ्या गृहस्थानें दोन्ही रेषा अवश्य पाहाव्या; परंतु त्यांस बांधणारा धागा कोणता, हें आधीं विचारावें.